हार्ली अर्ल

हार्ली जार्व्हिस अर्ल (२२ नोव्हेंबर, १८९३ - १० एप्रिल, १९६९) हे अमेरिकन मोटारगाडी-रचनाकार होते. जनरल मोटर्स या कंपनीच्या रचना विभागाचे ते पहिले प्रमुख. इ.स. १९२७ ते १९५८ अशी सुमारे एकतीस वर्षे त्यांनी या विभागाचे नेतृत्व केले. कॅडिलॅक, ब्यूक, ओल्डस्मोबिल, पाँटियॅक आणि शेवरलेट या पाचही नाममुद्रांच्या गाड्यांचे बाह्यरूप त्यांच्या देखरेखीखाली ठरत असे. मोटारगाडीचे रूप हा यंत्ररचनेइतकाच महत्त्वाचा व स्वतंत्र विषय आहे, ही कल्पना मोठ्या कारखान्यांत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. जनतेला दाखवण्यासाठी बनवलेली प्रायोगिक गाडी, गाड्यांच्या मागील बाजूचे टेलफिन, गोलाकार वळलेली पुढची काच आणि शेवरलेट कॉर्व्हेट ही क्रीडा-मोटार यांच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. दिखाऊपणाला व उधळपट्टीला उत्तेजन देणारे रचनाकार म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली.

सुरुवातीचे जीवन

अर्ल यांचा जन्म कॅलिफोर्नियातील हॉलिवूड येथे झाला. त्या वेळी तेथे चित्रपट-व्यवसाय नव्हता. त्यांचे वडील जे. डब्ल्यू. अर्ल हे घोडागाड्या बांधणारे कुशल कारागीर होते. त्यांनी इ.स. १८८९मध्ये लॉस एंजेलस परिसरात गाड्यांचा कारखाना सुरू केला. मोटारगाड्यांचा प्रसार होऊ लागताच काळाची पावले ओळखून इ.स. १९०८पासून त्यांनी घोडागाड्यांऐवजी मोटारींच्या बॉडी व सुटे साहित्य बनवण्यास आरंभ केला. अर्ल ऑटोमोबाइल वर्क्स या नावाने हा कारखाना ओळखला जाऊ लागला. लाकूड, पत्रा आणि कातडे यांच्या कामाचे संस्कार हार्ली यांच्यावर लहानपणापासून झाले.

अर्ल यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला होता. मात्र शिक्षण अर्धवट सोडून ते वडिलांच्या कारखान्यात काम शिकू लागले. तोपर्यंत हॉलिवूडमध्ये चित्रपट-व्यवसायाने मूळ धरले होते. पडद्यावरील तारे-तारकांना इतरांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या गाड्या हव्या असत. विनोदी नट फॅटी आर्बकल आणि काउबॉयच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेले टॉम मिक्स यांच्यासाठी या कारखान्यात खास बॉडी तयार झाल्या. ग्राहक गाडीबरोबर स्वतःची एक प्रतिमाही विकत घेत असतो, ही जाणीव अर्ल यांना याच काळात झाली असावी. त्यांच्या पुढील सर्व कामात ती दिसून येते.

इ.स. १९१९मध्ये कॅलिफोर्नियातील कॅडिलॅक गाड्यांचे वितरक डॉन ली यांनी हा कारखाना विकत घेतला. खास बॉडी बनवणाऱ्या विभागाचे प्रमुखपद त्यांनी हार्ली अर्ल यांच्याकडेच ठेवले.

जनरल मोटर्समध्ये प्रवेश

इ.स. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील स्वस्त गाड्यांचे रूप प्रामुख्याने अभियंते ठरवत. बॉडी भक्कम असावी, कमी खर्चात व लवकर तयार व्हावी, एवढीच अपेक्षा असे. फोर्डचे टी मॉडेल हे त्याचे ठळक उदाहरण होय. इ.स. १९१४ ते १९२५ या काळात ते केवळ काळ्या रंगात मिळत असे. दशकाच्या मध्याला परिस्थिती बदलू लागली. ड्युपाँट कंपनीच्या ड्युको या लवकर वाळणाऱ्या रंगामुळे रंगीत गाड्या मोठ्या संख्येने बनवणे शक्य झाले. छप्पर व काचा असलेल्या बंदिस्त गाड्यांची मागणी वाढली. अनेक कुटुंबे पहिली गाडी बाजूला सारून दुसरी घेण्याच्या विचारात होती. अशा ग्राहकाला नुसती चालणारी गाडी पुरेशी वाटणार नाही, हे जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड पी. स्लोन यांनी ओळखले.

कॅडिलॅक विभागाचे प्रमुख लॉरेन्स फिशर वितरकांच्या भेटीसाठी कॅलिफोर्नियात आले असता त्यांनी अर्ल यांचे काम पाहिले. दोन गोष्टींनी ते प्रभावित झाले. अर्ल गाडीचे रूप ठरवण्यासाठी लाकूड किंवा पत्र्याऐवजी मातीचा नमुना वापरत. तसेच बॉनेट, मडगार्ड, दिवे, पायफळी हे भाग सुटे न मानता सर्वांचा मिळून एकच आकार ते कल्पीत. कॅडिलॅकपेक्षा कमी किमतीच्या लासाल या नव्या गाडीची रचना फिशर यांनी त्यांच्याकडे सोपवली. फ्रान्समधील हिस्पानो-सुइझा या महागड्या गाडीचा प्रभाव लासालवर स्पष्ट होता. मार्च १९२७मध्ये ही गाडी बाजारात आली आणि तिचे चांगले स्वागत झाले. मोठ्या संख्येने निघणाऱ्या अमेरिकन गाडीचे संपूर्ण रूप रचनाकाराने ठरवल्याचे हे पहिल्या उदाहरणांपैकी एक मानले जाते.

त्याच वर्षी स्लोन यांनी आर्ट अँड कलर सेक्शन या नावाने स्वतंत्र विभाग स्थापन करून अर्ल यांना त्याचे प्रमुख नेमले. आरंभी विभागात सुमारे पन्नास माणसे होती. त्यांपैकी रचनाकार दहाच होते. कारखान्यातील जुन्या अधिकाऱ्यांना हा विभाग अनावश्यक वाटे.

हा विरोध किती महाग पडू शकतो, हे १९२९च्या ब्यूकने दाखवून दिले. काचांखालच्या भागाला अर्ल यांनी हलकासा फुगीरपणा दिला होता. कारखान्यातील अभियंत्यांनी मोजमापे बदलल्यामुळे तो बेढब झाला, असे अर्ल यांचे म्हणणे होते. लोकांनी या गाडीला गर्भवती ब्यूक असे कुत्सित नाव दिले आणि तिची विक्री घसरली. रचनाकाराचे काम कागदावरील चित्राने संपत नाही, पत्रा ठोकला जाईपर्यंत त्याचा शब्द चालला पाहिजे, असा धडा अर्ल यांनी त्यातून घेतला. पुढील काळात स्लोन यांच्या पाठिंब्याने त्यांनी हा अधिकार मिळवला. इ.स. १९३७मध्ये विभागाचे नाव स्टायलिंग सेक्शन असे झाले. ३ सप्टेंबर, १९४० रोजी अर्ल कंपनीचे उपाध्यक्ष झाले. मोठ्या कंपनीत रचनाकाराला एवढे उच्च पद मिळण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते.

कार्यपद्धती

अर्ल स्वतः फारसे चित्र काढीत नसत. सहकाऱ्यांनी काढलेली चित्रे व केलेले नमुने पाहून ते दुरुस्त्या सुचवत आणि मनाजोगता आकार मिळेपर्यंत काम पुन्हापुन्हा करवून घेत. सहा फुटांहून अधिक उंची, उंची पोशाख आणि रागीट स्वभाव यांमुळे विभागात त्यांचा मोठा दरारा होता. प्रत्येक नाममुद्रेसाठी स्वतंत्र कक्ष असे. एका कक्षातील रचनाकाराला दुसऱ्या कक्षात जाण्यास मज्जाव होता. सर्व कक्षांवर नजर ठेवणारे एकटे अर्लच असत. त्यामुळे पाचही नाममुद्रांमध्ये कौटुंबिक साम्य राही आणि तरीही शेवरलेट व कॅडिलॅक यांतील दर्जाचा फरक दुरूनही ओळखू येई.

गाडी अधिक लांब व अधिक बुटकी दिसली पाहिजे, हे त्यांच्या रचनेचे मूळ सूत्र होते. चौरसापेक्षा आडवा आयत डोळ्याला सुखावतो, अशी त्यांची धारणा होती. दरवर्षी गाडीच्या रूपात थोडा व तीन-चार वर्षांनी मोठा बदल करण्याचे स्लोन यांचे धोरण त्यांनी प्रत्यक्षात आणले. आतील सांगाडा तोच ठेवून जाळी, दिवे आणि क्रोमच्या पट्ट्या बदलल्या, तरी गाडी नवी वाटे आणि शेजाऱ्याची गेल्या वर्षीची गाडी जुनी दिसू लागे. विक्रीच्या दृष्टीने ही युक्ती यशस्वी ठरली. पुढे त्यांच्यावर झालेल्या टीकेचे मूळही तिच्यातच आहे.

त्यांच्या हाताखाली तयार झालेले अनेक जण नामवंत झाले. बिल मिचेल हे त्यांचे उत्तराधिकारी झाले. व्हर्जिल एक्सनर यांनी पुढे क्रायस्लर कंपनीत, तर फ्रँक हर्शी यांनी फोर्ड कंपनीत महत्त्वाचे काम केले.

ब्यूक वाय-जॉब

इ.स. १९३८मध्ये अर्ल यांनी ब्यूकच्या सांगाड्यावर वाय-जॉब ही दोन आसनी उघडी गाडी तयार करवली. विक्रीसाठी नव्हे, तर नव्या कल्पना अजमावण्यासाठी व लोकांचा कल जाणण्यासाठी बनवलेली ही जगातील पहिली प्रायोगिक गाडी समजली जाते. मिटणारे हेडलाइट, विजेवर चालणाऱ्या काचा, दारांच्या पृष्ठभागात सामावलेल्या मुठी, कोपऱ्यांभोवती वळलेले बंपर आणि पायफळीचा अभाव ही तिची वैशिष्ट्ये होत. अर्ल स्वतः ही गाडी अनेक वर्षे वापरत होते. तिच्यातील बऱ्याच कल्पना पुढील दशकातील नेहमीच्या गाड्यांत उतरल्या.

महायुद्ध आणि टेलफिन

दुसऱ्या महायुद्धात नागरी गाड्यांचे उत्पादन थांबले. या काळात अर्ल यांच्या विभागाने सैन्यासाठी काम केले. शत्रूच्या नजरेपासून सामग्री लपवण्याच्या छद्मावरण-तंत्राचाही त्यात समावेश होता.

अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी, इ.स. १९४१मध्ये, अर्ल आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना डेट्रॉइटजवळील सेल्फ्रिज विमानतळावर लॉकहीड पी-३८ हे लढाऊ विमान पाहण्याची संधी मिळाली होती. दोन लांब शेपट्या आणि त्यांच्या टोकांशी उभे पंख अशी या विमानाची आकृती त्यांच्या मनात ठसली. तिच्या प्रेरणेतून १९४८च्या कॅडिलॅकच्या मागील मडगार्डांवर माशाच्या परांसारखे छोटे उंचवटे आले. हेच टेलफिन. या कामात फ्रँक हर्शी यांचा मोठा वाटा होता. कंपनीतील काहींना हा आकार विचित्र वाटला. ग्राहकांनी मात्र तो उचलून धरला, कारण त्यामुळे मागून पाहतानाही गाडी कॅडिलॅक असल्याचे कळत असे. पुढील दहा वर्षांत जवळजवळ प्रत्येक अमेरिकन कंपनीने टेलफिन स्वीकारले.

मोटोरामा, फायरबर्ड आणि कॉर्व्हेट

इ.स. १९५१मध्ये अर्ल यांनी लसाबर ही प्रायोगिक गाडी सादर केली. जेट विमानासारखा आकार, गोलाकार वळलेली पुढची काच, ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमचा वापर आणि पावसाचे थेंब पडताच आपोआप वर येणारे छप्पर ही तिची वैशिष्ट्ये होती. वळलेली काच १९५३च्या कॅडिलॅक एल्डोराडोमध्ये प्रत्यक्ष विक्रीस आली.

जनरल मोटर्स त्या काळात मोटोरामा या नावाने भव्य प्रदर्शने भरवत असे. संगीत, नृत्य आणि स्वप्नवत गाड्या यांमुळे तेथे प्रचंड गर्दी होई. पुढील वर्षांच्या रूपांबद्दल लोकांचा कल तपासण्याचे ते अर्ल यांचे साधन होते. गॅस टर्बाइनवर चालणारी फायरबर्ड-१ ही गाडी इ.स. १९५४च्या मोटोरामात दाखवली गेली. चाके लावलेले विमानच वाटावे असा तिचा आकार होता. तिच्यापाठोपाठ फायरबर्ड-२ व फायरबर्ड-३ या गाड्या तयार झाल्या.

युद्धानंतर इंग्लंडमधील छोट्या क्रीडा-मोटारी अमेरिकेत लोकप्रिय होत होत्या. तशी अमेरिकन गाडी असावी या विचाराने अर्ल यांनी कॉर्व्हेटची कल्पना मांडली. जानेवारी १९५३मध्ये न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलातील मोटोरामात ती प्रथम लोकांसमोर आली आणि ३० जून, १९५३ रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथे उत्पादन सुरू झाले. तिची बॉडी फायबरग्लासची होती. पहिल्या वर्षी ३०० गाड्या बनल्या. सर्व पांढऱ्या रंगाच्या होत्या आणि त्यांचा अंतर्भाग लाल होता. मात्र रूपाला साजेशी शक्ती तिच्यात नव्हती. सहा सिलिंडरचे साधे इंजिन आणि दोनच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स यांमुळे रसिकांची निराशा झाली. इ.स. १९५५मध्ये फक्त ७०० गाड्या तयार झाल्या आणि हे मॉडेल बंद पडण्याची वेळ आली. त्याच वर्षी मिळालेले व्ही-८ इंजिन आणि अभियंता झोरा आर्कस-डंटोव्ह यांचे परिश्रम यांमुळे कॉर्व्हेट तरली. केवळ रूपावर गाडी टिकत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

महिला रचनाकार

गाडी निवडताना घरातील स्त्रियांचे मत निर्णायक ठरते, हे ओळखून अर्ल यांनी इ.स. १९५०च्या दशकाच्या मध्यात आपल्या विभागात अनेक महिला रचनाकारांची नियुक्ती केली. रूथ ग्लेनी, सुझॅन व्हँडरबिल्ट या त्यांपैकी होत. कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने त्यांना शोभेच्या पदव्या देऊन मिरवले. त्यांचे काम मात्र गंभीर होते. इ.स. १९५८च्या एका खास प्रदर्शनात त्यांनी रचलेल्या गाड्या मांडल्या गेल्या. ग्लेनी यांच्या कॉर्व्हेटमध्ये आपोआप गुंडाळले जाणारे सुरक्षा-पट्टे होते. बाह्यरूप ठरवण्याचे काम मात्र पुरुषांकडेच राहिले आणि अर्ल यांच्या निवृत्तीनंतर या गटातील बऱ्याच जणी कंपनी सोडून गेल्या.

शेवटची वर्षे

१६ मे, १९५६ रोजी मिशिगनमधील वॉरन येथे जनरल मोटर्सच्या तंत्र-केंद्राचे औपचारिक उद्घाटन झाले. ईरो सारिनेन यांनी रचलेल्या या संकुलात अर्ल यांच्या विभागासाठी प्रशस्त इमारती व नमुने पाहण्यासाठी घुमटाकार सभागृह होते. त्यांच्या अधिकाराचा हा कळस होता. याच सुमारास त्यांची शैली मात्र जड व साचेबंद होऊ लागली होती. १९५८च्या ब्यूकच्या पुढील जाळीत क्रोमचे १६० चौकोन होते. त्या वर्षीच्या आर्थिक मंदीत अशा भपकेबाज गाड्यांची विक्री घटली.

क्रायस्लरमध्ये गेलेल्या एक्सनर यांनी १९५७ सालासाठी बुटक्या, सडपातळ आणि तीक्ष्ण टेलफिनच्या गाड्या रचल्या होत्या. इ.स. १९५६च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्सचे तरुण रचनाकार चक जॉर्डन यांना क्रायस्लरच्या आवारात उभ्या असलेल्या या गाड्या कुंपणापलीकडून दिसल्या. त्यांच्यापुढे आपल्या आगामी गाड्या जुनाट ठरतील, हे सर्वांच्या लक्षात आले. अर्ल तेव्हा युरोपच्या दौऱ्यावर होते. मिचेल यांच्या नेतृत्वाखाली सहकाऱ्यांनी १९५९ सालासाठीची मान्य झालेली रूपे बाजूला ठेवून नवी रूपे सुरू केली. ज्यांच्या परवानगीशिवाय एक रेघही बदलत नसे, त्यांच्या अनुपस्थितीत झालेले हे बंडच होते. परतल्यावर अर्ल यांनी नवे काम पाहिले आणि अखेर त्याला संमती दिली. अशा रीतीने त्यांच्याच शिष्याने बाहेरून आणि त्यांच्याच सहकाऱ्यांनी आतून त्यांची शैली मागे टाकली. १९५९च्या कॅडिलॅकचे उंच टेलफिन आणि बंदुकीच्या गोळीसारखे लाल दिवे ही या स्पर्धेची परिणती होय. ही गाडी २२५ इंच, म्हणजे सुमारे ५.७ मीटर लांब होती.

इ.स. १९५८च्या अखेरीस, वयाच्या पासष्टाव्या वर्षी अर्ल निवृत्त झाले आणि मिचेल त्यांच्या जागी आले. १० एप्रिल, १९६९ रोजी फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच येथे पक्षाघाताने त्यांचे निधन झाले.

टीका

दरवर्षी रूप बदलण्याच्या पद्धतीमुळे चांगल्या स्थितीतील वस्तूही ग्राहकाला टाकाऊ वाटू लागतात आणि साधनांचा अपव्यय होतो, असा आक्षेप इ.स. १९५०च्या दशकातच घेतला जाऊ लागला होता. राल्फ नेडर यांनी इ.स. १९६५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनसेफ ॲट एनी स्पीड या पुस्तकात अमेरिकन मोटार-उद्योग सुरक्षेपेक्षा देखाव्याला अधिक महत्त्व देतो, असे दाखवून दिले. टोकदार टेलफिनांमुळे पादचाऱ्यांना इजा होण्याचा धोकाही त्यात मांडला होता. इ.स. १९६६मध्ये अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. अर्ल तेव्हा हयात होते. सामान्य उत्पन्नाच्या ग्राहकालाही देखणी गाडी मिळवून देणारा रचनाकार आणि देखाव्याचा व्यापार करणारा रचनाकार, या दोन्ही दृष्टींनी त्यांच्या कार्याकडे पाहिले जाते.

भारताशी संबंध

जनरल मोटर्सने इ.स. १९२८मध्ये मुंबईतील शिवडी येथे गाड्यांची जुळणी करणारा कारखाना सुरू केला. तो इ.स. १९५४पर्यंत चालू होता. त्यामुळे अर्ल यांच्या विभागात ठरलेली शेवरलेट गाड्यांची रूपे मुंबईच्या रस्त्यांवर लवकर दिसू लागली. टेलफिनची लाट युरोपातही पोहोचली होती. मूळ फियाटची असलेली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखली गेलेली प्रीमियर पद्मिनी हिच्या मागील कोपऱ्यांवरील छोटी टोके त्याच लाटेची आठवण करून देतात.

वारसा

डेटोना ५०० या प्रसिद्ध शर्यतीच्या विजेत्याला दिला जाणारा चषक अर्ल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यावर फायरबर्ड-१ची प्रतिकृती आहे. इ.स. १९८६मध्ये त्यांना अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये मरणोत्तर स्थान मिळाले. इ.स. २००२च्या सुमारास ब्यूकने आपल्या जाहिरातींत त्यांचे पात्र वापरले होते.

संगणकावर गाड्या रचण्याच्या खेळांमुळे त्यांच्या कार्यकाळाचा अभ्यास नव्या पिढीतही होतो. ऑटोमेशन या खेळात इंजिनापासून बाह्यरूपापर्यंत सर्व गाडी खेळाडू रचतो आणि निवडलेल्या वर्षानुसार त्याला तंत्रज्ञान उपलब्ध होते. त्यात इतिहासाशी सुसंगत अमेरिकन गाडी बनवायची असल्यास प्रत्येक वैशिष्ट्याचे वर्ष ठाऊक असावे लागते. अशा अभ्यासासाठी पुढील टप्पे उपयोगी आहेत:

* हेडलाइट: इ.स. १९४०च्या मॉडेलांपासून सात इंची दोन गोल दिवे. चार लहान गोल दिवे इ.स. १९५७-५८पासून. चौकोनी दिव्यांना इ.स. १९७५च्या मॉडेलांपासूनच परवानगी मिळाली.
* वळलेली पुढची काच: इ.स. १९५३मध्ये मोजक्या महागड्या गाड्यांत, इ.स. १९५४मध्ये कॅडिलॅक, ब्यूक व ओल्डस्मोबिल यांत, इ.स. १९५५मध्ये शेवरलेट व पाँटियॅक यांत.
* टेलफिन: इ.स. १९४८मध्ये कॅडिलॅकवर लहान स्वरूपात, इ.स. १९५९मध्ये सर्वाधिक उंच.
* इंजिन: कॅडिलॅकला ३३१ घन इंचांचे नवे व्ही-८ इंजिन इ.स. १९४९मध्ये मिळाले. ब्यूकला व्ही-८ इ.स. १९५३मध्ये, तर पाँटियॅकला इ.स. १९५५मध्ये मिळाले. शेवरलेटमध्ये इ.स. १९२९ ते १९५४ या काळात सहा सिलिंडरचेच इंजिन असे. २६५ घन इंचांचे व्ही-८ इ.स. १९५५मध्ये आले.

नवे वैशिष्ट्य आधी प्रायोगिक गाडीत, मग महागड्या कॅडिलॅकमध्ये आणि एक-दोन वर्षांनी स्वस्त शेवरलेटमध्ये, असा क्रम यांपैकी बऱ्याच बदलांत आढळतो. हा क्रम अर्ल यांच्या विभागाने जाणीवपूर्वक राबवला होता. आपल्या ऐपतीच्या गाडीत गेल्या वर्षीच्या कॅडिलॅकची छटा पाहून ग्राहक समाधानी होई आणि पुढील वर्षाच्या गाडीची वाट पाहू लागे.